दहा हजार सात

आमच्या घरात आकडे तोडायचे असत. अवयव पाडणे हा शब्द मी पुढे शाळेत ऐकला. बाबा म्हणायचे, एकशे त्रेचाळीस तोड. अकरा गुणिले तेरा म्हटलं की सुटका. नाही म्हणता आलं तर दाराच्या मागच्या खिळ्यावर मशीनचा झिजलेला रबरी पट्टा टांगलेला होता, तो खाली उतरायचा. पट्टा उतरला की आई रेडिओचा आवाज मोठा करायची, म्हणजे शेजाऱ्यांना काही कळू नये. शेजाऱ्यांना सगळं कळायचं. रेडिओ मोठा झाला की आज त्या घरात कोणाला तरी पडतायत, हे विठ्ठलवाडीतल्या आमच्या अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात गियर कापायचे. मशीनच्या बाजूला लोखंडी पेटी असायची आणि तिच्यात चाकं, वीस दातांपासून एकशे वीस दातांपर्यंतची. नवा गियर कापायचा झाला की आधी हिशेब मांडायचा आणि त्यात येईल तो मोठा आकडा पेटीतल्या दोन चाकांच्या गुणाकारात बसवायचा. आठ हजार एक्कावन्न आला, तर त्र्याऐंशी दातांचं एक चाक आणि सत्त्याण्णव दातांचं दुसरं. ती मशीनला लावली की काम सुरू. आकडा चुकीचा तुटला तर पोलादाचा भला मोठा जॉब भंगारात जायचा आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर बाबांची आईबहीण काढायचा. तो राग बाबा रिकाम्या डब्यासोबत घरी आणायचे. रागाला कुठे तरी जायला जागा लागते. आमच्याकडे ती जागा म्हणजे माझा भाऊ.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. रेडिओ बिघडला तर तो उघडून, तारा जोडून, पुन्हा बंद करून द्यायचा. पण आकडा समोर आला की त्याचं डोकं जागच्या जागी थांबायचं. पहिली पाळी संपवून बाबा पाचच्या सुमारास यायचे. बोळात भिंतीवर पाच घरांचे लाइटचे मीटर होते, आमचा तिसरा. येता येता त्याच्यावर जे रीडिंग दिसेल तोच त्या दिवशीचा आकडा. लाकडाचा भुसा आणि साबण लावून हाताचं ऑइल काढत ते मोरीतूनच आकडा सांगायचे. हात पुसून बाहेर येईपर्यंत आम्ही वह्या उघडून चटईवर शेजारीशेजारी बसलेले हवे. चहा पिऊन झाला की, मोठा म्हणून, आधी दादाला विचारायचे. दादा तुक्के मारायचा. सात? तेरा? सतरा? प्रत्येक चुकीच्या तुक्क्याला एक फटका. मग बाबा माझ्याकडे वळायचे आणि मी उत्तर द्यायचे. सोमवारी तेवढी सुट्टी, कारण सोमवारी ते कारखान्यातून परस्पर शिवमंदिरात जायचे आणि कपाळाला भस्म लावून शांतपणे घरी यायचे. बाकी सहा दिवस देव कुठे असायचा, कुणास ठाऊक.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मी फार बिचारी वाटेन. मला मजा यायची. दादाच्या पाठीवर पट्टा बसला की मला त्याची कीव यायची, हे खरंच. पण त्याच वेळी उत्तर माझ्या जिभेवर असायचं आणि आता माझी पाळी येणार म्हणून मी फुलून यायचे. बाबा ‘बरं’ म्हणायचे. त्यांच्या तोंडून एवढं एकच चांगलं निघायचं आणि ते मला मिळायचं. दादाला कधीच मिळालं नाही.

बाबांकडे एक पुस्तक होतं, कारखान्यातून आणलेलं, ऑइलनं पानं पारदर्शक झालेलं. त्यात पानोपानी मोठे आकडे आणि समोर त्यांची तोड छापलेली. बरेच आकडे त्यात नव्हते. बाबांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की जे अवघड तेवढेच छापले. जे नाहीत ते सोपे, पोरंसोरंही तोडतील असे. खरं तर ते पुस्तक गियरवाल्यांचं होतं. ज्यांची चाकं पेटीत सापडतात तेवढेच आकडे त्यात होते. जे तुटतच नाहीत ते गियरवाल्याच्या काय कामाचे, म्हणून वगळलेले. बाबांना हे कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी कोणाला विचारलं नाही. एकोणतीस, सदतीस, सत्त्याण्णव अशा लहान आकड्यांचे तुकडे पडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. पण दहा हजारांच्या घरातला आकडा, एवढा मोठा, कुठून ना कुठून तुटणारच, अशी त्यांची खात्री होती. वीस वर्षं त्या पुस्तकात त्यांना न तुटणारा एकही भेटला नव्हता, आणि आम्हालाही नाही, कारण तोवर आकडे त्यातलेच असायचे; मीटरवरून घ्यायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती.

त्या मंगळवारी मीटर दहा हजार सातवर होता. मी अकरा वर्षांची होते, दादा तेरा. दुपारी कोणी वाचला असता तर दहा हजार सहा सापडला असता, सम संख्या, दोनानं तुटते, तेवढं दादालाही जमलं असतं. जेवणं झाल्यावर वाचला असता तर दहा हजार आठ. त्याला आठानं भाग जातो, नवानंही जातो. घरात एक पंखा, एक ट्यूब आणि एक जुना टीव्ही. मीटर त्याच्या चालीनं चालत होता आणि बाबा पाच वाजता आले.

बाबांनीच आम्हाला शिकवलं होतं की दोन चाकांचा गुणाकार दहा हजारांच्या आसपास होत असेल तर त्यातलं एक तरी चाक शंभराच्या आतलं असणार. दोन्ही शंभराच्या वर गेली तर गुणाकार फार पुढे जातो. म्हणजे शंभराच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की झालं, आणि त्या आहेत पंचवीस. मी कामाला लागले. दोन नाही. तीन नाही, अंकांची बेरीज आठ येते. पाच नाही. सातानं भागलं, चार उरले. अकरानं आठ. तेरानं दहा. तेविसाशी मी थबकले, दोनच उरले होते. एकोणतिसालाही दोनच. एक्केचाळिसाला तीन. इतकं जवळ येऊन आकडा प्रत्येक वेळी निसटत होता. त्र्याहत्तरला सहा उरले. शेवटी सत्त्याण्णव, सोळा उरले. पंचवीस संपल्या.

आमच्या घरात न तुटणारं असं काही असतं, हे मला माहीत नव्हतं. वहीच्या तळाशी मी ‘तुटत नाही’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि माझंच कुठे तरी चुकलं असेल म्हणून नव्या पानावर पुन्हा दोनापासून सुरुवात केली. तेवढ्यात बाबांनी दादाला विचारलं.

दादा म्हणाला, “हा तुटत नाही.”

मला वाटलं, आज याला तुक्के मारायचाही कंटाळा आला.

बाबांनी फळीवरून पुस्तक काढलं, पान शोधलं, त्यावरून बोट फिरवलं. दहा हजार सात त्यात नव्हता. म्हणजे त्यांच्या लेखी तो सोपा. शेंबडं पोरही तोडेल असा आकडा हा घोडा तोडत नाही, आणि वर तोंड करून तुटत नाही म्हणतो. पुस्तक मिटून त्यांनी पट्टा काढला. आईनं रेडिओ मोठा केला.

पट्टा पाठीवर, दंडावर, मांडीवर कुठेही बसत होता. बाबा एकच विचारत होते, कशानं तुटतो. दादा एकच सांगत होता, नाही तुटत. एरवी दोन फटक्यांत तो सात, तेरा, सतरा बडबडायला लागायचा आणि त्यातला एखादा लागूही पडायचा. त्या दिवशी त्यानं एकही आकडा उच्चारला नाही. त्यामुळे बाबा जास्तच पिसाळले. मार खाणारा मागे सरत नसला की मारणाऱ्याला थांबता येत नाही, हे मी तिथे शिकले. आई मध्ये पडली. बाबांनी तिला ढकललं तशी ओट्याची कड तिच्या भुवईला लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिनं एका हातानं डोळा दाबला आणि दुसऱ्या हातानं रेडिओ अजून मोठा केला. हे मला आजही आठवतं आणि आठवलं की मला तिचाच राग येतो. तो राग अन्यायाचा आहे हे कळतं, तरी येतो.

बाबांना धाप लागली. पट्टा हातात धरून ते माझ्याकडे वळले.

“तुझं काय झालं?”

वही माझ्या मांडीवर होती. मागच्या पानावर पंचवीस भागाकार, खाली उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. मी पानावर हात ठेवला.

“अजून करतेय, बाबा.”

“बघ,” बाबा दादाला म्हणाले. “ती करतेय अजून. तुझ्यासारखी हात वर करून बसली नाही.”

मग त्यांनी पट्टा टाकला, दादाची कॉलर धरून त्याला उभं केलं आणि उजव्या पंजानं त्याच्या डाव्या कानावर मारलं. वीस वर्षं लोखंड उचललेला तो पंजा होता. दादा आपोआप खाली बसला आणि मान एका बाजूला कलती धरून जमिनीकडे बघत राहिला. थोड्या वेळानं त्याच्या कानातून पातळ रक्त आलं आणि कॉलरपर्यंत गेलं. बाबांनी ते बघितलं. चप्पल घालून ते बाहेर गेले.

सकाळी आई त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. जिन्यावरून पडला, असं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी कान बघितला, शर्ट वर करून पाठही बघितली, आणि कागदावर जिनाच लिहिला. पडदा फाटला होता. पुढची दोन वर्षं कान वाहत राहिला. डॉक्टर ड्रॉप देत, आई कापूस घालायची, उशीच्या अभ्र्याला वास यायचा. शेवटी वाहायचा थांबला आणि ऐकायचाही. वर्गात मास्तर डावीकडून काही विचारायचे, दादाला कळायचं नाही, मग तिथेही पडायचे. नववीत शाळा सोडून तो जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प दोनमध्ये, एका शेठच्या दुकानात जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगला लागला. तांब्याची तार आणि त्याचे हात यांचं छान जमलं. आता ते दुकान तोच चालवतो.

बाबांनी त्याला पुन्हा चटईवर बसवलं नाही. याच्या डोक्यात भुसा आहे, म्हणाले, आणि संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पुस्तकातलाच आकडा दिला. मी एकटीच बसले आणि तोडला. दहावीपर्यंत रोज तोडत राहिले. माझ्या शिष्यवृत्त्या, माझी एमएस्सी, बदलापूरमधले माझे गणिताचे क्लास, सगळं त्या चटईवरून उठून आलेलं आहे.

कॉलेजात मी दहा हजार सात पुन्हा शोधला. दहा हजारांनंतरची ती पहिलीच मूळ संख्या निघाली. तिच्या पुढे दोनच पावलांवर, दहा हजार नऊवर, दुसरी आहे. अशा जोडीला जुळ्या म्हणतात. आणखी एक गोष्ट. तिच्यातून एक वजा करून निम्मं केलं की पाच हजार तीन येतात, आणि तीही मूळ संख्या. ज्या मूळ संख्येचं असं होतं तिला गणितात सुरक्षित म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत बसले होते. मी पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. लायब्ररीवाल्या बाईंनी माझं कार्ड जप्त केलं.

हात माझाही उठतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पोरांना मारत नाही, पण डस्टर भिरकावलाय, वह्या फाडल्यात. एका मुलीनं माझ्यासमोर घाबरून उत्तर बदललं होतं, बरोबरचं चूक केलं होतं. त्या दिवशी मी क्लास सोडून गच्चीत जाऊन उभी राहिले.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे बदलापूरला आले. शहात्तर वर्षांचे, हात थरथरतात, लघवी धरवत नाही. दादा दर रविवारी कॅम्पातून दाल पकवान घेऊन येतो आणि त्यांची नखं कापतो, दाढी करतो. इतक्या वर्षांत त्या दोघांत त्या मंगळवारचा विषय कधी निघाल्याचं मला माहीत नाही. मीही काढला नव्हता. मी स्वतःला सांगत आले होते की दादानं कंटाळून तुक्का मारला आणि नशिबानं तो खरा निघाला.

परवाच्या रविवारी खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ बाबांशी गप्पा मारायला आले होते. मी आत कणीक मळत होते. बाबा त्यांना सांगत होते की पोरीला गणित मीच शिकवलं, दोघांनाही सारखंच शिकवलं, पण पोरगा बिनडोक निघाला, त्याच्यात मेहनतच नव्हती. गृहस्थ हसले आणि थोड्या वेळानं गेले. मी हात धुतले, कोरा कागद आणि पेन आणून बाबांपुढे टेबलावर ठेवलं आणि कागदावर १०००७ लिहिलं.

“तोडा,” मी म्हणाले.

त्यांना आधी गंमत वाटली. चष्मा लावून ते बसले. सात, अकरा, तेरा. भागाकार हळूहळू जमत होते, अक्षर वाकडं होत होतं. अर्ध्या तासानं म्हणाले, चहा दे. मी म्हटलं, आधी हे. फळ्यावर रेघा मारायची माझी स्टीलची पट्टी हातात होती. ते थांबले की मी ती टेबलावर आपटायचे. ते दचकायचे आणि पुन्हा लिहायला लागायचे. एकदा पट्टी त्यांच्या बोटावर बसली. मुद्दाम होतं का? नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नखाच्या कडेनं रक्त आलं, त्यांनी बोट तोंडात घातलं. मला बरं वाटलं.

“तुटेल, थांब जरा,” ते म्हणाले. “एवढा मोठा आहे, तुटणारच.”

मग त्यांना बाथरूमला जायचं होतं. मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात रोवला आणि सांगितलं की कशानं तुटतो ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही. त्यांनी दोनदा विनवलं. मग ते कागदाकडे बघत बसले, आणि खुर्चीखाली फरशीवर ओल पसरली. मी पट्टी पुन्हा उचलली.

तेव्हाच दादा आत आला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं पिशवी खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि पट्टी काढून घेतली. त्याच्या हातात इतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. काय चाललंय, असं त्यानं मला विचारलंच नाही. कागद उचलून बघितला.

“बाबा, हा तुटत नाही,” तो म्हणाला.

“तू गप,” बाबा म्हणाले. “तुला काय कळतं त्यातलं?”

“मला कुठे कळतंय. हिनं तेव्हाच केला होता. वहीत लिहून खाली रेघा मारल्या होत्या. ते बघूनच मी बोललो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. रक्ताचं बोट त्यांनी दुसऱ्या हातात धरलं होतं.

“मग तेव्हा सांगायचंस की हिनं केलंय म्हणून.”

“सांगितलं असतं तर हिलाही पडले असते,” दादा म्हणाला. “एकावर निभावत होतं. चला, उठा, कपडे बदलू.”

त्यानं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि बाथरूममध्ये नेलं. बादलीत पाणी पडायला लागलं. पाय उचला, असं तो त्यांना हळू आवाजात सांगत होता. मी टेबलापाशी उभी राहून त्या मंगळवारचा क्रम लावत होते. आधी पट्टा. मग बाबांनी मला विचारलं. मग मी म्हणाले, अजून करतेय. कानावरची थप्पड त्याच्या नंतरची. म्हणजे मी खोटं बोलले ते दादानं ऐकलं होतं, आणि तेव्हा त्याचे दोन्ही कान चांगले होते.